डिझेलचा धूर, पियूसीचा कागद आणि जुन्या गाडीचा हिशेब

पियूसी, पासिंग, पर्यावरण कर हे विषय आरोग्याच्या सदरात कसे आले, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कळंबोलीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला तो पडत नाही. आपल्या गावाच्या एका अंगाला लोखंड-पोलाद बाजार, जवळच ट्रकचा तळ, एकीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे न्हावा शेवा बंदराचा रस्ता, आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग तर सुरूच इथून होतो. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत ड्रायव्हर, क्लीनर, काट्यावरचे कामगार, गॅरेजवाले, टायरवाले आणि एक-दोन गाड्यांचे मालक पुष्कळ. छातीतली घरघर ऐकून औषध लिहिले, की बोलणे हमखास गाडीवर येते. "डॉक्टरसाहेब, डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की सरकार उचलून नेणार म्हणे?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. कोणी सांगते एजंटने गाडी विकायला घाई केली, कोणी सांगते मिळेल त्या भावात भंगारात देऊन टाकली. तेव्हा आधी धुराबद्दल आणि मग कायदा व पैशाबद्दल सविस्तर लिहावे असे ठरवले.

डिझेलच्या धुरात नेमके काय असते? डोळ्यांना दिसते ती काजळी. ही काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातले केस, घशातला कफ यांना चुकवून थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात, आणि डिझेलचे बहुतेक कण तर एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. हे फुगे उलगडून पसरले तर जवळजवळ बॅडमिंटनच्या मैदानाएवढी जागा व्यापतील. एवढ्या मोठ्या, ओलसर आणि नाजूक पडद्यावर काजळी बसते, आणि ती एकटी येत नाही. अर्धवट जळलेल्या तेलातली कर्करोगकारक द्रव्ये तिच्या अंगाला चिकटलेली असतात. कणांपैकी काही रक्तात उतरतात. म्हणूनच धुराचा त्रास नुसता खोकल्यावर थांबत नाही. रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला झटका येण्याची शक्यता वाढते.

धुरातला दुसरा घटक दिसत नाही. इंजिनात तापमान फार वाढले की हवेतलाच नायट्रोजन जळून त्याचे ऑक्साइड तयार होतात. हा वायू श्वासनलिकांना चिडवतो. दम्याच्या रुग्णाची नळी आधीच चिडकी असते, ती आकसते. लंडनमध्ये याचा एक सुंदर प्रयोग झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दमा असलेल्या ६० प्रौढांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून दोन तास चालवले, आणि दुसऱ्या वेळी जवळच्याच हाइड पार्कमधून तेवढेच चालवले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्या काळी फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत. माणसे तीच, चाल तीच, पण रस्त्यावरून चालल्यावर त्यांची जोराने श्वास सोडण्याची क्षमता बागेतल्यापेक्षा जास्त घसरली, काही वेळा सहा टक्क्यांपर्यंत. निरोगी माणसाला सहा टक्के जाणवणार नाहीत. पण ज्याची क्षमता निम्मीच उरली आहे, त्याला जिना चढताना ते जाणवतात.

कर्करोगाबद्दल तर आता वाद उरलेला नाही. अमेरिकेत आठ खाणींमधल्या १२,३१५ कामगारांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष मार्च २०१२ मध्ये आले. जमिनीखाली डिझेल यंत्रांच्या धुरात जास्त काळ काम केलेल्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त होते. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. आमचे ड्रायव्हरबंधू विडी ओढतात आणि धुरातही बसतात, म्हणजे एकाच फुफ्फुसावर दोन गिऱ्हाइके.

आपल्या परिसराबद्दल आकडे देत बसत नाही. एक प्रसंग मात्र अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. जानेवारी २०२१ मध्ये वातावरण फाउंडेशनने खारघरमध्ये पांढऱ्या फुफ्फुसांची मोठी प्रतिकृती चौकात उभी केली होती. दहा-बारा दिवसांत ती काळी पडली. ती काजळी सगळी डिझेलची होती असे नव्हे. कारखाने, बांधकामाची धूळ, कचरा जाळणे, सगळ्यांचा त्यात वाटा. पण कारखान्याची चिमणी उंच असते आणि ट्रकचा सायलेन्सर असतो आपल्या कमरेच्या उंचीवर. लहान मुलाच्या बाबतीत थेट नाकासमोर.

धुराचा रंग काय सांगतो

लघवीच्या रंगावरून जसे आम्ही काही अंदाज बांधतो, तसे चांगला मिस्त्री धुराच्या रंगावरून बांधतो. काळा धूर म्हणजे तेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल खराब असतील, पंपाची सेटिंग 'पिकअपसाठी' वाढवून घेतली असेल, किंवा सरळ सांगायचे तर माल जास्त भरला असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. पांढरा धूर सकाळी थंडीत थोडा वेळ आला तर चिंता नाही, पण सतत येत असेल तर कच्चे डिझेल बाहेर पडते आहे किंवा रेडिएटरचे पाणी आत शिरते आहे. काळा धूर म्हणजे मालकाच्या खिशातले डिझेल हवेत जाते आहे. नोझल आणि फिल्टर वेळेवर केले तर शेजाऱ्याची छाती आणि आपला ॲव्हरेज, दोन्ही सुधारतात. इतके स्वस्त औषध माझ्याजवळही नाही.

आमच्याकडे एक टेम्पोमालक येतात. स्वतःच चालवतात, गाडी २००८ ची. सात वर्षांच्या मुलीला दर हिवाळ्यात धाप लागते. फवारा चालू, धूळ टाळली, उशी बदलली, तरी पहाटेचा खोकला जाईना. एक दिवस त्यांच्या पत्नीने सहज सांगितले, की टेम्पो खोलीच्या खिडकीखालीच उभा असतो आणि पहाटे पाचला 'गाडी गरम करायला' पंधरा मिनिटे चालू ठेवतात. मी म्हटले, "दादा, गाडीचे तोंड फिरवून लावा, सायलेन्सर रस्त्याकडे येऊ द्या, आणि चावी फिरवली की मिनिटभरात निघा, पहिला किलोमीटर हळू चालवा. इंजिन त्याने जास्त लवकर तापते." हवेचे ब्रेक असलेल्या मोठ्या ट्रकला टाकीत हवा भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावे लागते हे मलाही ठाऊक आहे. पण त्याला काही मिनिटे लागतात, अर्धा तास नव्हे. मुलीचा पहाटेचा खोकला पुष्कळ कमी झाला. फवारा मात्र चालूच आहे, तो बंद करायचा नसतो. त्यानंतर त्या गृहस्थांनी विचारले, "मग गाडीच बदलू का? झेपेल का मला?" पुढचा बराचसा मजकूर त्यांच्या त्या प्रश्नासाठीच गोळा केला आहे.

दहा वर्षांचा नियम कोणाचा?

प्रथम गैरसमज दूर करतो. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरील बंदी दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्राची. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये ती घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, आणि नंतरही तिच्यावर न्यायालयात वाद चालूच राहिला. ती महाराष्ट्राला लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि गाडी योग्य असेल तर पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी पासिंग. पासिंग होत राहिले तर केवळ वय झाले म्हणून गाडी कोणी उचलत नाही. अपवाद सरकारी गाड्यांचा. १५ वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली.

याचा अर्थ निर्धास्त राहावे असाही नाही. मुंबईत याआधी असे घडलेले आहे. धुराने त्रासलेल्या मुंबईकरांच्या मंचाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, १९९९ मध्ये आदेश झाले, परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी एकतर सीएनजीवर गेल्या किंवा रस्त्यावरून गेल्या. त्या वेळी 'टॅक्सीवाले उपाशी मरतील' असे सगळे म्हणत होते. आता जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा हवेचा प्रश्न हाती घेतला, आणि राज्य शासनाने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल व डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासणे तिचे काम. पनवेल तालुका या महानगर प्रदेशातच येतो. तेव्हा आज नवी-जुनी गाडी घेणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांचा विचार करूनच पैसे गुंतवावेत.

गाडी किती 'स्वच्छ' आहे हे तिच्या वयापेक्षा तिच्या टप्प्यावरून कळते. हा टप्पा भारत स्टेज या नावाने ओळखला जातो आणि एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर घातला की दिसतो. आपल्या शास्त्रज्ञांपैकी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये देशासाठी इंधन धोरण सुचवले, आणि त्या वाटेने टप्पे येत गेले. दुसरा टप्पा देशभर २००५ मध्ये, तिसरा २०१० मध्ये, चौथा एप्रिल २०१७ मध्ये, आणि पाचवा गाळून थेट सहावा १ एप्रिल २०२० पासून. प्रत्येक टप्प्याबरोबर डिझेलमधले गंधकही कमी केले गेले. दुसऱ्या टप्प्यात दहा लाख भागांत ५०० भाग गंधक चालत असे, चौथ्यात ५०, सहाव्यात फक्त १०. गंधक एवढे खाली आल्याशिवाय धूर गाळणारी यंत्रणा टिकतच नाही. फरक किती पडला तो पाहा. चौथ्या टप्प्यातल्या डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम काजळी सोडण्याची मुभा होती, सहाव्यात साडेचार. नायट्रोजनचे ऑक्साइड २५० वरून ८० वर आले.

सहाव्या टप्प्याच्या गाडीत काजळी पकडणारी जाळी असते, आणि मोठ्या गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. या द्रावणाने विषारी ऑक्साइडचे पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. आता आमच्याकडचे काही हुशार मिस्त्री 'युरियाचा खर्च वाचवतो' म्हणून ही यंत्रणा निकामी करून देतात, जाळी कापून टाकतात. असे करणे बेकायदा तर आहेच, पण वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर नवी गाडी विकत घेऊन तिला वीस वर्षांपूर्वीची करून टाकणे आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन कंपनी तपासणीपुरता धूर कमी दाखवताना पकडली गेली, तेव्हा आपण सगळे हसलो होतो.

पियूसीचा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही

नवीन गाडीला पहिल्या वर्षानंतर पियूसी लागते. चौथ्या आणि सहाव्या टप्प्यातल्या गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. डिझेलची तपासणी अशी होते: इंजिन गरम असताना गाडी जागेवर उभी ठेवून पूर्ण रेस देतात, असे काही वेळा करतात, आणि सायलेन्सरमध्ये घातलेली नळी धूर किती दाट आहे ते प्रकाशाच्या साहाय्याने मोजते. जुन्या टप्प्यातल्या गाड्यांना २.४५ पर्यंतचा आकडा चालतो, चौथ्या टप्प्याच्या गाडीला १.६२ पर्यंत. आपल्या कागदावरचा हा आकडा कधी वाचला आहे का? माझ्या माहितीतले दहापैकी नऊ मालक फक्त मुदतीची तारीख वाचतात. गेल्या वेळी ०.९ होता आणि या वेळी २.१ झाला, तर कागद 'पास' म्हणेल, पण इंजिन काहीतरी सांगत असते. रक्तदाब १२० वरून १३८ झाला तर आम्ही गप्प बसत नाही, तसेच हे.

आणि हेही ध्यानात घ्यावे, की या तपासणीत डिझेल गाडीची फक्त काजळी मोजली जाते. नायट्रोजनचे वायू मोजले जात नाहीत, माल भरून घाट चढताना काय होते ते कळत नाही. गाडी न नेता नुसता नंबर सांगून कागद आणणाऱ्यांबद्दल मी काय लिहावे? रक्त न देता साखरेचा रिपोर्ट आणणाऱ्या रुग्णाला मी जे सांगतो तेच.

कायद्याची शिक्षा हलकी नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाप्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, प्रदूषणाचे मानक मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवाना तीन महिने रद्द होऊ शकतो. ड्रायव्हरला परवान्याची किंमत सांगायला नको. शिवाय महाराष्ट्रात मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर आणि खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो, आणि जुन्या गाडीच्या पासिंगचे शुल्कही २०२२ पासून वाढलेले आहे. गाडी जितकी म्हातारी तितका आकडा मोठा.

पैसा कोठून आणायचा

आता त्या टेम्पोमालकांचा प्रश्न. केंद्र शासनाचे जुन्या गाड्या भंगारात काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आले. गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली, तर तिथे जमा-प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र म्हणजेच सारे काही. ते दाखवले की नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, आणि राज्याच्या करात सवलत मिळते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ही सवलत एकरकमी कर भरणाऱ्यांना १५ टक्के केली. अट अशी, की गाडी स्वेच्छेने दिलेली असावी, मालवाहू असेल तर आठ वर्षांच्या आत आणि खासगी असेल तर पंधरा वर्षांच्या आत. म्हणजे २००८ चा टेम्पो कराच्या सवलतीला मुकला. ही अट वाचून मला वाईट वाटले, कारण सर्वांत जास्त धूर सोडणाऱ्या गाड्या नेमक्या या अटीबाहेर पडतात. पण ज्यांची गाडी आज सहा-सात वर्षांची आहे, त्यांनी आठवे वर्ष लागण्याआधी हिशेब जरूर करावा.

हिशेब कसा, ते दाखवतो. समजा आठ लाखांचा नवा छोटा टेम्पो घ्यायचा आहे. धोरणात भंगाराची किंमत नव्या गाडीच्या ४ ते ६ टक्के धरली आहे, म्हणजे ५ टक्क्यांनी ४० हजार. कंपन्यांनी २०२४ मध्ये, ठरावीक मुदतीसाठी, प्रमाणपत्र आणणाऱ्यांना साडेतीन टनांखालच्या मालवाहू गाडीवर दीड टक्का सूट जाहीर केली (त्याहून मोठ्या गाडीवर तीन टक्के), ती १२ हजार. ही मुदत चालू आहे का ते विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. कर ७ टक्क्यांनी ५६ हजार धरला, तर त्यावर १५ टक्के सवलत ८,४००. सगळे मिळून साठ हजारांच्या आसपास. एवढ्यात टेम्पो येत नाही, हे उघड आहे. पण बँकेला पहिल्यांदा भरायची रक्कम काही प्रमाणात यातून निघते.

भंगार केंद्रात जाण्यापूर्वी आरसीवरचा फायनान्स कंपनीचा बोजा उतरवावा, थकलेली चलने भरावी. आणि गाडी रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नये. तो दोन पैसे जास्त देईल, पण कागदोपत्री गाडी तुमच्याच नावावर जिवंत राहते, कर चढत राहतो, आणि तिचा चॅसिस नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरू लागला तर पोलीस तुमच्या दारात येतात.

उरलेल्या रकमेसाठी मुद्रा कर्ज आहे. मालवाहू टेम्पो, रिक्षा, टॅक्सी यांसाठी ते घेता येते, तारण लागत नाही. नेहमीची मर्यादा दहा लाख, आणि आधीचे मोठे कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून वीस लाखांपर्यंत. मराठा समाजातील तरुणांना अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाकडून पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. हप्ते वेळेवर भरले तरच, हे विसरू नये.

काय घ्यायचे हा पुढचा प्रश्न. साडेतीन टनांखालच्या गाडीत डिझेल इंजिन काढून सीएनजीचे इंजिन बसवण्याची परवानगी सहाव्या टप्प्याच्या गाड्यांना ऑगस्ट २०२२ पासून आहे. ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच करून आरसीवर नोंदवावे लागते. पण जुन्या इंजिनाला किट लावण्यापेक्षा कंपनीचीच सीएनजी गाडी घेतलेली बरी, असे मला वाटते. आपल्या भागात महानगर गॅसचे पंप आहेत. रांगा आहेत, त्या धरून हिशेब करावा. सीएनजीत काजळी जवळजवळ नसतेच.

विजेच्या गाडीला महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ आहे. हे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंतचे आहे. विजेच्या मोटारी आणि बस यांना द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफीही दिली आहे, मालवाहू गाड्यांना मात्र नाही. आमच्या कळंबोलीच्या दृष्टीने ही मोठीच उणीव म्हणायची. मोठ्या ट्रकसाठी केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना आहे. जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साडेतीन ते ५५ टनांपर्यंतच्या विजेच्या ट्रकला, वजनाप्रमाणे, कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत सूट मिळते. ती खरेदीच्या वेळीच किमतीतून वजा होते, कंपनी नंतर सरकारकडून घेते. जुना ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र मात्र सक्तीचे. सुमारे ५,६०० ट्रकपुरतीच ही रक्कम आहे. न्हावा शेवा बंदरात २०२५ मध्ये बॅटरी बदलून चालणारे ट्रक उतरले आहेत. बंदर ते कळंबोली अशी ठरावीक छोटी फेरी असणाऱ्यांना हे जमण्यासारखे आहे. नाशिक-इंदूर करणाऱ्या एकट्या मालकाला मी आज तसा सल्ला देणार नाही.

टेम्पोमालकांनी शेवटी सहा वर्षांची, एकहाती चाललेली सीएनजी गाडी बघायला सुरुवात केली आहे. नवी त्यांना झेपत नाही. यात वाईट काही नाही.

गाडी बदलेपर्यंत

बदलता येत नाही त्यांनी निदान एवढे पाळावे. माल उतरेपर्यंत, काट्याच्या रांगेत, चहा पीत असताना इंजिन बंद. गॅरेजचे शटर ओढून आत गाडी चालू ठेवू नये. बंद केबिनमध्ये एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नये. सायलेन्सरला गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो, त्याला वास नाही, आणि झोपलेल्याला डोके दुखल्याचेही कळत नाही. रुमाल बांधल्याने धूळ अडते, डिझेलची काजळी नाही. गॅरेजमध्ये दिवसभर राहणाऱ्याने एन-९५ मास्क घट्ट बसवून वापरावा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी, कारण प्रत्येक खोकला धुराचा नसतो, क्षयाचाही असतो. चाळिशीपुढच्या ड्रायव्हरने वर्षातून एकदा फुंकर मारण्याची फुफ्फुसाची तपासणी करावी. कफ आणि धाप वाढत असेल तर आधी विडी सोडावी, मग इंजिनाला दोष द्यावा.

एक गोष्ट राहिली, जी दर दोन-तीन महिन्यांनी पाहावी लागते. टाकीतून डिझेल काढताना नळी तोंडाने ओढतात आणि घोट आत जातो. अशा वेळी मीठ-पाणी पाजून उलटी मुळीच करवू नये. पोटातले डिझेल फारसे घातक नसते, पण उलटीच्या वेळी ते फुफ्फुसात उतरले तर रासायनिक न्यूमोनिया होतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. तोंड पाण्याने धुवावे, डिझेल सांडलेले कपडे काढावे, माणसाला बसते ठेवावे. ठसका, खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर लगेच रुग्णालयात न्यावे. त्रास नसला तरी डॉक्टरकडे दाखवून सहा तास लक्ष ठेवावे, कारण खोकला उशिराही सुरू होतो. हाताने दाबायचा प्लास्टिकचा पंप सुट्या भागांच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो.